दूध संकलनाचा एपीआय सकाळी साडेसहाला का अडतो?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तीस गावांतल्या दूध संकलन केंद्रांवर फोनमधलं एक अॅप आहे. सभासदाचं दूध मापलं, फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि त्याखेरीजचे घन पदार्थ) काढलं की नोंद तुमच्या फ्लास्कच्या (पायथनमधलं एक वेब फ्रेमवर्क) एपीआयकडे, म्हणजे अॅपच्या रिक्वेस्ट घेणाऱ्या सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमकडे, येते, ती एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) जाते आणि सभासदाला एसएमएस जातो. दुपारी सगळं ठीक चालतं. सकाळी सहा ते आठ मात्र अॅप गरगरत राहतं, लॉगमध्ये ‘डेटाबेस इज लॉक्ड’ येतं आणि काही सभासदांचं दूध दोनदा लागतं. मित्र म्हणतात, ‘फ्लास्क खेळण्यातलं आहे, फास्टएपीआयवर जा.’ तर या दुसऱ्या पायथन फ्रेमवर्कवर जावं का?

माझं उत्तर: आत्ता नको. गेलात तरी हाच त्रास तिकडे घेऊन जाल, कदाचित वाढवून. का ते सांगतो. मी गेली बारा-तेरा वर्षं असेच छोटे-मध्यम एपीआय लिहितो आणि दुसऱ्यांनी लिहिलेले निस्तरतो, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

तुम्ही दिलेल्या कोडमधल्या क्रमाकडे बघा. रिक्वेस्ट आली, नोंदीचा इन्सर्ट (डेटाबेसमध्ये ओळ घालणं) झाला, मग एसएमएसवाल्या कंपनीच्या सर्व्हरला कॉल, तिचं उत्तर आलं की कमिट (बदल पक्का करणं), आणि मग फोनला उत्तर. सगळा घोटाळा या क्रमात आहे. पायथनच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये इन्सर्ट केला की ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) आपोआप उघडतं, आणि कमिट होईपर्यंत लिहिण्याचं कुलूप तुमच्या हातात राहतं. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच लिहिणारा असतो. म्हणजे एसएमएसचा सर्व्हर दोन सेकंद विचार करत बसला, तर ते दोन सेकंद तीसही केंद्रांपैकी कुणालाच काही लिहिता येत नाही.

आता हिशेब करा. तीस केंद्रं, गर्दीच्या वेळी प्रत्येक केंद्रावर साधारण अर्ध्या मिनिटाला एक सभासद, म्हणजे सेकंदाला एक नोंद. कुलूप दोन सेकंद अडलं तर दोन सेकंदांत एकच नोंद बाहेर पडते. येतात दोन, जाते एक. मिनिटाभरात तीस नोंदी तुंबल्या. त्यातली प्रत्येक नोंद कुलपासाठी थांबते, पायथन मुळात पाच सेकंद वाट बघतं आणि मग ‘लॉक्ड’ म्हणून हात वर करतं. दुपारी पाच मिनिटांना एखादी रिक्वेस्ट येत असेल तेव्हा हा दोष असतोच, फक्त कुणाच्या लक्षात येत नाही.

दुहेरी नोंदी याच मुळातून निघतात. तुमचं अॅप दहा सेकंद वाट बघतं आणि उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठवतं. समजा एक नोंद चार सेकंद रांगेत थांबली, मग तिला कुलूप मिळालं, आणि एसएमएसने सात सेकंद घेतले. अकराव्या सेकंदाला ती व्यवस्थित कमिट झाली. पण फोनने दहाव्या सेकंदाला आशा सोडून तीच नोंद पुन्हा पाठवली होती, तीही यथावकाश कमिट झाली. सर्व्हरच्या दृष्टीने दोन वेगळ्या नोंदी, दोन्ही बरोबर. शिवाय या पुन्हा पाठवण्यामुळे रांग आणखी वाढते, म्हणून साडेसहाला सुरू झालेलं दुखणं गर्दी ओसरेपर्यंत थांबत नाही. आणि एक उलटी शक्यता: एसएमएस गेला आणि नेमकं त्यानंतर कमिट फसलं. सभासदाच्या फोनवर ‘८.५ लिटर’ आहे आणि बिलात काहीच नाही. असं भांडण केंद्रावर झालं नसेल अजून, तर नशीब समजा.

‘फ्लास्कचा सर्व्हर एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतो म्हणून असं होतं’ असंही तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. ते जुनं झालं. फ्लास्क १.० पासून, म्हणजे २०१८ पासून, त्याचा डेव्हलपमेंट सर्व्हर आपोआप थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामं) वापरतो. तो प्रत्यक्ष वापरात चालवू नये हे खरंच, पण तुमच्या अडचणीचं कारण ते नाही.

आता फास्टएपीआयचं बघू. तिथे तुम्ही फंक्शनपुढे ‘असिंक’ लावलंत आणि आत हाच रिक्वेस्ट्स लायब्ररीचा साधा कॉल ठेवलात, तर त्या दोन सेकंदांत अख्खा इव्हेंट लूप (सगळ्या रिक्वेस्ट आळीपाळीने पुढे नेणारं चक्र) थांबतो. त्या प्रोसेसमधली दुसरी कुठलीच रिक्वेस्ट पुढे सरकत नाही, नुसती वाचणारीसुद्धा. ‘असिंक’ न लावता साधं फंक्शन लिहिलंत तर तो ते थ्रेडपूलमध्ये टाकतो, पूल मुळात चाळीस थ्रेडचा असतो, पण कुलूप एकच ते एकच. चाळीस माणसं एका दरवाजापुढे उभी केल्याने दरवाजा रुंद होत नाही.

तेव्हा दुरुस्ती कुठे करायची? पहिलं काम कोड बदलण्याचं नाही, मोजण्याचं आहे. फ्लास्कमध्ये रिक्वेस्टच्या आधी आणि नंतर चालणारी फंक्शनं लावता येतात. आधीच्यात घड्याळ बघा, नंतरच्यात फरक, पत्ता आणि स्टेटस कोड (काम झालं की चुकलं हे सांगणारा उत्तरातला आकडा) लॉगमध्ये लिहा. एसएमएसच्या कॉलभोवती वेगळं घड्याळ लावा. दहा-बारा ओळींचं काम आहे. उद्या सकाळचं संकलन होऊ द्या आणि मग आकडे बघा. मी वर धरलेले दोन सेकंद तुमच्याकडे पाऊण सेकंद असतील किंवा सहा असतील, ते मला इथे बसून कळणार नाही. आकडा हातात असला की मित्रांशी वादही लवकर मिटतो.

मग एसएमएस रिक्वेस्टच्या बाहेर काढा. दूध मापणाऱ्या माणसाला ‘नोंद झाली’ एवढंच कळायला हवंय. एसएमएस अर्ध्या मिनिटाने गेला तर सभासद कॅन सायकलला अडकवेपर्यंत पोचतो. एक तक्ता करा: नोंदीचा क्रमांक, मोबाईल, मजकूर, स्थिती. नोंद आणि निरोपाची ही ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाका, लगेच कमिट करा, फोनला उत्तर द्या. दोन्ही एकत्र लिहिल्यामुळे नोंद आहे पण निरोप नाही, किंवा निरोप आहे पण नोंद नाही, असं होऊच शकत नाही. दुसरा एक स्वतंत्र प्रोग्रॅम दर दोन-तीन सेकंदांनी बाकी असलेल्या ओळी उचलेल, पाठवेल आणि ‘गेला’ असा शिक्का मारेल. पाठवताना कुठलंही ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायचं नाही, नाहीतर गाडी पुन्हा तिथेच.

यासाठी सेलेरी, रेडिस वगैरे कामांच्या रांगा सांभाळणारी साधनं आणायची गरज तुमच्या आकाराला नाही. सेकंदाला एक ओळ आहे हो. सिस्टमडीखाली (लिनक्समध्ये प्रोग्रॅम चालू ठेवणारी सोय) चालणारी साठ ओळींची स्क्रिप्ट पुरते. उद्या तीनशे केंद्रं झाली, निरोपांचे पाच प्रकार झाले, तर तेव्हा बघू.

मात्र ही स्क्रिप्ट फ्लास्कच्या आतच थ्रेड म्हणून सुरू करण्याचा मोह होईल. मला झाला होता. एका ग्राहकासाठी अॅप सुरू होताना आतच शेड्युलर सुरू केला, माझ्या लॅपटॉपवर झकास चाललं. प्रत्यक्ष सर्व्हरवर गनिकॉर्नचे (पायथनचं वेब अॅप चालवणारा सर्व्हर) चार वर्कर होते. प्रत्येक वर्कर म्हणजे वेगळी प्रोसेस, प्रत्येकीचा आपापला शेड्युलर. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला चार-चार मेसेज गेले आणि एसएमएसचे पैसे त्या महिन्यात मी खिशातून भरले. निरोप्या एकच, वेगळ्या प्रोसेसमध्ये, हा नियम तेव्हापासून पाळतो.

त्या स्क्रिप्टमध्येही एसएमएसच्या कॉलला टाइमआउट द्या. रिक्वेस्ट्स लायब्ररीला तुम्ही सांगितलं नाही तर ती अमर्याद काळ वाट बघत बसते. जोडणीसाठी तीन आणि उत्तरासाठी दहा सेकंद हे माझं नेहमीचं माप. पाठवून झाल्यावर आणि शिक्का मारण्याआधी वीज गेली तर एखादा निरोप दोनदा जाईल. त्याला इलाज करत बसू नका. निरोप दोनदा गेलेला चालतो, दूध दोनदा लागलेलं चालत नाही. (जाता जाता: मराठी मजकुराचा एसएमएस सत्तर अक्षरांत संपतो, काना-मात्रा-अनुस्वार सगळे धरून. त्यापुढे गेला की तुकडे होतात, तुकड्याला सदुसष्ट, आणि पैसे तुकड्यामागे. सभासदाच्या नावाआधी ‘श्री.’ घालायचं की नाही हा मग आर्थिक प्रश्न होतो.)

आता दुहेरी नोंदींचं. एसएमएस बाजूला काढल्यावर त्या खूप कमी होतील, पण संपणार नाहीत, कारण खेड्यातलं नेटवर्क. नोंद सर्व्हरवर पोचली, कमिट झाली, आणि उत्तर परत येताना रेंज गेली. फोनला काय झालं ते कळणारच नाही. तो पुन्हा पाठवणार, आणि त्याने पाठवायलाच हवं. तेव्हा पुन्हा पाठवणं थांबवू नका, पुन्हा आलेलं ओळखा.

ओळखायचं कशावरून? बरेच जण सभासद क्रमांक, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ यांवर एकमेवपणाची अट लावतात. दुधात ती चालत नाही. एकाच घरून गाईचं आणि म्हशीचं वेगळं येतं, कधी एकाच प्रकारचे दोन कॅन वेगवेगळे मापले जातात. म्हणून ओळख फोननेच द्यायची. ‘नोंद करा’ दाबल्या क्षणी फोन एक यूयूआयडी (जवळपास कधीच पुन्हा न येणारा लांब ओळख क्रमांक) बनवेल, नोंदीसकट तो आधी फोनच्या स्वतःच्या साठ्यात लिहील आणि मग पाठवेल. पुन्हा पाठवताना तोच यूयूआयडी. हे ‘तोच’ अॅप लिहिणाऱ्याला दोनदा सांगा. एका टीममध्ये मी सर्व्हरची बाजू चोख केली आणि अॅपवाल्याने यूयूआयडी बनवण्याची ओळ पाठवणाऱ्या फंक्शनच्या आत ठेवली, त्यामुळे दर प्रयत्नाला नवा. दोन दिवस मी माझाच कोड तपासत बसलो होतो.

सर्व्हरवर त्या रकान्याला युनिक अट लावा. आणि ‘आधी शोधा, नसेल तर घाला’ असं लिहू नका. दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही ‘नाही’ दिसेल. सरळ घाला, आणि आपटलं तर काही करू नका असं डेटाबेसलाच सांगा. इन्सर्टला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ जोडायची सोय एसक्यूलाइटमध्ये ३.२४ पासून आहे, पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसमध्ये त्याआधीपासून. मग त्या यूयूआयडीची नोंद वाचा आणि तीच उत्तरात द्या. पहिल्यांदा आली असेल तर २०१, पुन्हा आली असेल तर २००, मजकूर तोच. यूयूआयडी तोच पण लिटर वेगळे असं आलं तर मात्र ४०९ द्या आणि लॉगमध्ये ठळक लिहा, कारण तो अॅपमधला दोष आहे.

स्टेटस कोडचा विषय निघालाच आहे. तुमच्या कोडमध्ये काहीही चुकलं तरी २०० जातो आणि आत ‘सक्सेस: फॉल्स’ लिहिलेलं असतं. ही सवय आपल्याकडे फार आहे. फोनला कळायला हवं की पुन्हा पाठवून उपयोग आहे का. फॅट ३.५ ऐवजी ३५ आलं तर ते शंभर वेळा पाठवलं तरी चूकच, तिथे ४२२ किंवा ४००, आणि कुठला रकाना चुकला ते उत्तरात. डेटाबेस अडला असेल तर ५०३, म्हणजे जरा थांबून पुन्हा. अॅपचा नियम मग सोपा होतो: पाचशेच्या घरातलं किंवा उत्तरच न आलेलं पुन्हा पाठवायचं, दर वेळी थांबणं वाढवत, चारशेच्या घरातलं माणसाला दाखवायचं. थांबण्यात थोडा फरकही ठेवा, नाहीतर तीस फोन एकाच ठेक्यात पुन्हा येतात.

तपासणीबद्दल एक गोष्ट मराठी लोकांनाच भेटते. कुणाच्या कीबोर्डवरून ‘३.५’ असे देवनागरी आकडे येतात. पायथनला ते चालतात, फ्लोट किंवा डेसिमल दोघंही मुकाट्याने ३.५ करून देतात. पण तुम्ही रूपांतर न करता ती अक्षरं तशीच एसक्यूलाइटमध्ये ढकललीत, तर आकड्याच्या रकान्यातही तो ती मजकूर म्हणून ठेवतो, तक्रार न करता, आणि बेरजेत त्यांची किंमत शून्य धरतो. दहा दिवसांचं बिल काढताना एखाद्याचं दूध गायब. म्हणून दारातच डेसिमल करून घ्या आणि साठवताना पूर्णांकच ठेवा: दूध मिलिलिटरमध्ये, पैसे पैशांत. फ्लोटमध्ये पैसे ठेवू नका, याचं कारण तुम्हाला माहीत असेलच.

मराठी नावांचं आणखी एक: फ्लास्क जेसनमध्ये (अॅप आणि सर्व्हर माहिती पाठवतात तो मजकुराचा साचा) मुळात देवनागरी अक्षरांच्या जागी उलट्या तिरक्या रेघेचे कोड पाठवतो. फोनला ते उलगडता येतात, बिघडत काही नाही, पण लॉग वाचताना डोळे फुटतात आणि उत्तराचा आकार वाढतो. नव्या फ्लास्कमध्ये अॅपच्या जेसन प्रोव्हायडरवर ‘एन्शुअर आस्की’ बंद केलं की सुटतं.

सर्व्हर चालवण्याचं आता पटकन. तुमचा सर्व्हर डीबग (चुका शोधायचा मोड) चालू ठेवून इंटरनेटवर बसलाय, तो आजच बंद करा. त्यातला डीबगर ब्राउझरमधून सर्व्हरवर पायथन चालवू देतो, मध्ये फक्त एक पिन असतो. पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या रिक्वेस्ट आधी घेणारा वेब सर्व्हर), मागे गनिकॉर्न. वर्करसाठी गनिकॉर्नवाले कोअरच्या दुप्पट अधिक एक असं सुचवतात, तुमच्या दोन कोअरला पाच. मी तीन वर्कर आणि प्रत्येकी चार थ्रेडने सुरुवात करेन. गनिकॉर्नचा मूळ टाइमआउट तीस सेकंदांचा आहे आणि तो वाढवून दुखणं झाकू नका. एसक्यूलाइटला डब्ल्यूएएल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) टाका, म्हणजे रिपोर्ट वाचणारे आणि नोंद लिहिणारे एकमेकांना अडवणार नाहीत. ती सेटिंग फाइलमध्येच राहते, एकदाच करायची. लिहिणारा तरीही एकच, पण कमिट मिलिसेकंदांत होत असेल तर सेकंदाला एक नोंद म्हणजे त्याला काहीच नाही.

पोस्टग्रेसवर कधी जायचं हे परिस्थितीवर आहे. दुसरा सर्व्हर जोडायचा असेल, किंवा डेटाबेस फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवायची वेळ येत असेल, किंवा दिवसभर मोठी लिखाणं चालणार असतील, तर जा. नुसतं ‘प्रॉडक्शनला एसक्यूलाइट चालत नाही’ असं कुणी म्हणतं म्हणून नको.

लायब्ररींचे आकडे गोठवून ठेवा, फ्लास्कच नाही तर त्याच्या खालच्यांचेही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये फ्लास्क ज्यावर उभा आहे ती लायब्ररी, वर्कझॉइग ३.०, आली, त्यातून एक जुनं फंक्शन काढलं होतं, आणि ज्यांनी फक्त फ्लास्क २.२ एवढंच लिहून ठेवलं होतं त्यांचे सर्व्हर नव्याने बसवताना सुरूच होईनात. कोडमधली एक ओळ न बदलता.

राहता राहिला फ्रेमवर्कचा प्रश्न. फ्लास्क २०१० च्या १ एप्रिलला आर्मिन रोनाखरने केलेल्या एका थट्टेतून जन्मला, एका फाइलमध्ये मावणारं फ्रेमवर्क म्हणून. ‘हलकं’ याचा अर्थ तो कमी वजन उचलतो असा नाही. डेटाबेस कुठला, तपासणी कशी, लॉगिन कसं, पार्श्वभूमीची कामं कुठे, हे तो ठरवत नाही, तुमच्यावर सोडतो. तुम्ही ते ठरवलंच नव्हतं, म्हणून क्रम जसा सुचला तसा पडला. नवीन काम आज सुरू करत असतो आणि तपासणी व एपीआयचं दस्तऐवज आपोआप हवं असतं, तर मी फास्टएपीआय घेतला असता. ऑफिसातल्या लोकांना सभासद, दर, केंद्रं यांचे तक्ते हाताळायला पडदे हवे असते, तर जँगो हे आणखी एक पायथन फ्रेमवर्क, त्याचा अॅडमिन फुकटात महिन्याचं काम वाचवतो. पण चालू असलेली, लोकांच्या बिलाशी बांधलेली गोष्ट आहे. तुमच्या कोडच्या तीन हजार ओळी नव्याने लिहिताना दर पंधरवड्याला दरपत्रक बदलणाऱ्या कोडात तुम्ही नवे दोष पेराल.

कामाचा क्रम मी असा ठेवेन: आज डीबग बंद आणि घड्याळं चालू. दोन दिवसांनी एसएमएस बाहेर आणि डब्ल्यूएएल. त्यानंतर सर्व्हरवर यूयूआयडीचा रकाना, पण आधी तो रिकामा चालेल असा ठेवा, कारण तीसही केंद्रांचं अॅप एका दिवशी अपडेट होत नाही. रिकाम्या किमती युनिक अटीत एकमेकींवर आपटत नाहीत, त्यामुळे जुनी अॅपं चालत राहतील. शेवटचं केंद्र आलं की मग सक्ती. हे बदल सकाळच्या आणि संध्याकाळच्या संकलनाच्या मधल्या वेळेत टाका, रात्री नको. रात्री टाकलेला बदल पहाटे साडेपाचला पहिल्यांदा वापरला जातो आणि तेव्हा तुम्ही झोपलेले असता.

आणि ज्या दुहेरी नोंदी आधीच पडल्या आहेत त्यांचं: तोच सभासद, तेच लिटर, तेच फॅट, आणि दोन नोंदींत दोन मिनिटांपेक्षा कमी अंतर, अशी यादी क्वेरीने काढा, पण डिलीट मारू नका. दोन सारखे कॅन खरंच असू शकतात. केंद्रनिहाय यादी करून तिथल्या सचिवाला द्या, त्यांच्याकडे मशीनच्या पावत्या असतात. ते ज्यावर खूण करतील ती ओळ ‘रद्द’ म्हणून नोंदवा, कुणी आणि कधी रद्द केली त्यासकट. चालू दहा दिवसांचं बिल निघायच्या आत हे उरका, कारण एकदा पैसे खात्यात गेले की ते परत मागायला कोडचा काही उपयोग नाही.